सॅटेलाइटवरून प्रदूषण कसं शोधायचं, बडोद्याची उदाहरणं घेऊन

बडोद्यात रात्री वास सुटला की सोसायटीच्या ग्रुपवर लगेच तीन मतं पडतात, एक म्हणतो नंदेसरीचे कारखाने, दुसरा म्हणतो कोयलीची रिफायनरी, तिसरा म्हणतो कचऱ्याला आग लागली असेल झोपा आता. आणि कांसेतलं (उघड्या नाल्यातलं) पाणी लाल किंवा काळं दिसलं की कोणीतरी फोटो टाकतं, सगळे खवळतात, दुसऱ्या दिवशी पाऊस पडतो आणि विषय संपतो. तर यातलं बरंचसं घरी बसून, एक रुपया न देता तपासता येतं, प्रोग्रामिंग यायला पाहिजे असंही नाही, फक्त थोडी चिकाटी लागते आणि कुठल्या फोटोवर विश्वास ठेवायचा नाही हे कळावं लागतं. मी खाली जास्त करून त्यावरच लिहिलंय, कारण बटणं कुठली दाबायची ते कोणीही सांगेल.

आधीच सांगून ठेवतो, सॅटेलाइट पाण्यात कुठलं केमिकल आहे ते सांगत नाही, कोणत्या कंपनीने सोडलं तेही सांगत नाही. ते सांगतं की या जागी, या तारखेला, नेहमीपेक्षा काहीतरी वेगळं आहे. एवढं कळलं की सॅम्पल कुठे घ्यायचं आणि कधी घ्यायचं ते ठरतं. त्यामुळे एका फोटोवरून कधीच बोलायचं नाही, एकच जागा वेगवेगळ्या तारखांना बघायची, म्हणजे त्या जागेची तुलना तिच्याच जुन्या फोटोंशी. बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

एक काका विचारत होते की गुगल मॅप आहे की, मग हे कशाला. गुगलच्या नकाशावरचा फोटो दिसतो झकास, पण तो कधीचा आहे पत्ता नसतो आणि आजूबाजूचे दोन तुकडे वेगवेगळ्या वर्षांचे असू शकतात. हां, गुगल अर्थ प्रो कॉम्प्युटरवर टाकलंत तर त्यात जुन्या फोटोंचं घड्याळाचं बटण आहे, तारीख दिसते, ते मात्र फार कामाचं, कारण त्यात पाइप, खड्डे, पिंप, नाल्याची तोंडं असलं बारीक दिसतं. पण ते शेवटी लागतं, सुरुवात तिथून करायची नाही.

कशासाठी कोणता सॅटेलाइट

पाण्यासाठी आणि जमिनीसाठी सेंटिनेल-२. युरोपियन स्पेस एजन्सीचा, पहिला २०१५ ला गेला, दुसरा २०१७ ला, तिसरा २०२४ ला, साधारण ५ दिवसांनी त्यातला एक तरी आपल्यावरून जातो, सकाळी अकराच्या सुमारास. १३ बँड (प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे) आहेत, त्यातले निळा, हिरवा, लाल आणि एक इन्फ्रारेड हे १० मीटरचे, बाकीचे २० आणि ६० मीटरचे. १० मीटर म्हणजे फोटोतला एक ठिपका जमिनीवर १० बाय १० मीटरचा, हे डोक्यात फिट बसवा कारण पुढे सगळा घोळ यातच होतो.

हवेतल्या गॅससाठी सेंटिनेल-५पी, त्यावर ट्रोपोमी नावाचं यंत्र आहे, ऑक्टोबर २०१७ मध्ये गेला, रोज दुपारी दीड-दोनच्या सुमाराला येतो. नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, फॉर्मल्डिहाइड हे सगळं देतो, पण याचा बारीकात बारीक ठिपकाही साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा. म्हणजे अख्खं अलकापुरी, सयाजीगंज, फतेहगंज एका चौकोनात. आगीसाठी नासाचं फर्म्स, गरम पाण्यासाठी लँडसॅट ८ आणि ९, समुद्रावरच्या तेलासाठी सेंटिनेल-१ चं रडार. बस एवढे पुरे.

वेळेचा मुद्दा लक्षात ठेवा. 'रात्री दोन वाजता सोडतात' अशी तक्रार सगळ्यांची असते, आणि पाण्यासाठीचा सॅटेलाइट येतो सकाळी अकराला. सोडताना तो बघणार नाही, पण नाल्याला उतार कमी असेल किंवा पुढे बंधारा असेल तर पाणी तिथं तुंबून राहतं आणि सकाळी ते दिसतं. म्हणून सोडण्याचं तोंड शोधण्याआधी पाणी कुठे साठतं ती जागा शोधा.

पाणी बघायचं कसं

कोपर्निकस ब्राउझर ही सेंटिनेलचे फोटो दाखवणारी वेबसाइट उघडा, ईमेल टाकून फुकट अकाउंट बनवा. वर सर्चमध्ये वडोदरा टाका, बडोदा टाकून भलतीकडे जाल. डाव्या बाजूला सेंटिनेल-२ निवडा आणि त्यात एल-टू-ए घ्या, एल-वन-सी नको, कारण टू-ए मध्ये हवेचा परिणाम काढून टाकलेला असतो, नाहीतर दोन तारखांची तुलना करताना पाणी बदललं की धुकं बदललं तेच कळणार नाही. ढगांचा टक्का १० च्या खाली ठेवा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत हे दुकान जवळजवळ बंदच समजा, ढगांतून हा बघू शकत नाही. ऑक्टोबर ते मे हा आपला सीझन.

पहिल्यांदा ट्रू कलर लावा, म्हणजे डोळ्याला दिसतं तसं. आता सुरसागरावर जा. मध्ये महादेवाची मूर्ती आहे, ती एक-दोन उजळ ठिपक्यांसारखी येते, काठाला रस्ता, इमारती, झाडं. काठाचे ठिपके सोडून द्यायचे, कारण त्यात अर्धं पाणी अर्धा रस्ता असतो आणि त्या खिचडीचा रंग काहीही येतो, मूर्तीभोवतीचेही सोडायचे. उरलेल्या पाण्याचा रंग बघायचा. मग त्याच फोटोत पूर्वेला सरकून आजवा सरोवर बघा, सयाजीरावांच्या काळातलं, शहराला अजून पाणी देतं. दोन्ही एकाच क्षणी, एकाच हवेतून काढलेले आहेत, त्यामुळे आजवा ही आपली फुकटची मोजपट्टी. सुरसागर हिरवा झालाय असं वाटलं आणि आजवाही त्या दिवशी तितकाच हिरवा दिसत असेल तर उन्हाचा किंवा धुरकटपणाचा खेळ आहे, सोडून द्या.

आता कस्टममध्ये जा, तिथं इंडेक्स म्हणून पर्याय आहे, बँडचे गोळे ओढून दोन खान्यांत टाकायचे, सूत्र तो स्वतःच लावतो. पहिल्या खान्यात बँड ५, दुसऱ्यात बँड ४. म्हणजे (बँड ५ − बँड ४) भागिले (बँड ५ + बँड ४). हा क्लोरोफिलचा इंडेक्स, पाण्यात शेवाळ किती आहे त्याचा अंदाज देतो, कारण शेवाळ लाल प्रकाश खातं आणि त्याच्या जरासा पलीकडचा प्रकाश परत फेकतं. सांडपाणी आलं की नायट्रोजन-फॉस्फरस येतं, त्यावर शेवाळ माजतं, म्हणून हा आकडा चढत गेला तर कुठून तरी सांडपाणी येतंय असा संशय घ्यायला जागा आहे. बँड ५ हा २० मीटरचा आहे म्हणून काठापासून निदान ४० मीटर आतलंच धरा. जमिनीवर या इंडेक्सला काही अर्थ नाही, तिथं रंग दिसले तरी बघू नका. आणि गढूळ पाण्यात हा फसतो, पावसानंतरच्या आठवड्यात तर नकोच.

गढूळपणासाठी बँड ४ आणि बँड ३ टाका. पाणी कुठे आणि जमीन कुठे हे वेगळं करायला बँड ३ आणि बँड ८. तळ्यावर जलपर्णी पसरलीय का ते बघायला तयार एनडीव्हीआय (हिरवाईचा इंडेक्स) आहेच, पाण्यावर हिरवागार गालिचा आणि दर फोटोत तो वाढतोय असं दिसलं तर वेगळं काही सांगायला नको.

बऱ्याच लोकांना थेट विश्वामित्रीच बघायची असते, भावना समजते, पण शहरात ती अरुंद आहे, काठाला झाडी, वर पूल, १० मीटरच्या ठिपक्यात निव्वळ पाणी असे ठिपके फार थोडे मिळतात. पावागढकडून येताना आणि शहराच्या दक्षिणेला ढाढरला मिळायला जाताना जिथं ती जरा पसरते तिथले दोन-तीन पॉइंट धरा आणि शहराच्या वर आणि शहराच्या खाली अशी तुलना करा. मधलं सोडा. आणि हो, त्यातल्या मगरी हा विनोद नाहीये, बाटली घेऊन सॅम्पल भरायला काठावर उतरू नका, पुलावरून दोरीने बादली सोडा.

मूळ शोधायचं: खालून वर

जागा शोधायची खरी पद्धत ही. मोठ्या पाण्यापासून सुरू करा आणि उलटं वर जा. उदाहरण म्हणून महीसागर, म्हणजे मही नदी घ्या, सिंधरोटजवळ मिनी नदी तिला येऊन मिळते, आणि ही मिनी नंदेसरीच्या भागातून येते. (तिथं आज काही गडबड आहे असं मी म्हणत नाहीये, नकाशा सोपा आहे म्हणून उदाहरण.) संगमाच्या वर महीत एक पॉइंट, संगमाच्या खाली एक, आणि मिनीच्या तोंडात एक. तिन्ही ठिकाणचा रंग आणि इंडेक्स हिवाळ्यातल्या सगळ्या स्वच्छ तारखांना बघत जा आणि साध्या वहीत नाहीतर एक्सेलमध्ये लिहा. वर नॉर्मल, खाली बिघडलेलं, तोंडात सगळ्यात बिघडलेलं, असं पुन्हा पुन्हा येत असेल तर वाट मिनीतून आहे. मग मिनीवर थोडं वर सरका, जिथं ओढा फुटतो तिथं परत तसंच, फाट्याच्या वर-खाली. प्रत्येक फाट्यावर एक बाजू बाद होते. नदी इतकी बारीक झाली की ठिपकेच मिळेनात, तिथं सेंटिनेल थांबतो आणि मग गुगल अर्थ प्रोचे जुने फोटो काढून नाल्याची तोंडं बघायची, आणि शेवटचे दोन-तीनशे मीटर पायी. कोतरांतून (नदीकाठच्या घळींतून) फिरायचं असेल तर एकट्याने जाऊ नका. कोणाच्या कंपाउंडमध्ये शिरायचं नाही, आणि रिफायनरीच्या आसपास ड्रोन उडवायची हौस अजिबात नको.

उन्हाळ्यात अजून एक युक्ती चालते. मे महिन्यात आजूबाजूचं सगळं वाळलेलं असतं, अशा वेळी एखाद्या नाल्याच्या किंवा पाइपलाइनच्या कडेने एनडीव्हीआयमध्ये हिरवी पट्टी दिसली तर तिथं पाणी मुरतंय. ट्यूबवेलचं असेल, गळतीचं असेल, ते जाऊन बघा, पण कुठे जायचं ते तरी कळलं. जमिनीखालच्या पाण्याचं प्रदूषण मात्र कुठलाच सॅटेलाइट दाखवत नाही, बोअरला रंगीत पाणी येतंय तर लॅबशिवाय इलाज नाही.

जिथं हमखास फसायला होतं

आपल्याकडचं कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नेणारं इफ्लुएंट चॅनल पन्नासेक किलोमीटर जाऊन जंबुसर तालुक्यात सारोदजवळ खंभातच्या आखातात पडतं. साहजिकच लोक तिथं झूम करतात आणि तपकिरी पाणी बघून ओरडतात. थांबा. खंभातचं आखात कायमच तपकिरी असतं, तिथली भरती-ओहोटी देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी, रोज तळाचा गाळ ढवळून निघतो. आणि दोन तारखांचे दोन फोटो बघून 'पाणी पसरलं' म्हणाल तर एक भरतीचा आणि एक ओहोटीचा असू शकतो. भरतीचं वेळापत्रक नेटवर मिळतं, फोटोच्या वेळेला पाणी चढत होतं की उतरत होतं ते बघून एकाच अवस्थेतले फोटोच शेजारी ठेवा, नाहीतर त्या भागाचं नावच काढू नका.

तिथूनच जरा पुढे किनाऱ्याला मिठागरं आहेत, काही चौकोन गुलाबी, काही लालसर दिसतात. तेही केमिकल नाही, खूप खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव तो रंग देतात. सरळ रेघांचे चौकोन, समुद्राजवळ, पावसाळ्यात रंग गायब आणि उन्हाळ्यात परत, असं असेल तर मीठ.

पांढरा फेस हा तिसरा प्रकार. पाण्यावर सूर्याची चमक पडली तरी पांढरं दिसतं, पातळ ढग असला तरी दिसतं. खरा फेस बंधाऱ्याच्या किंवा धबधब्यासारख्या जागेच्या खाली असतो आणि प्रवाहाच्या दिशेने लांबत जातो, चमक मात्र अख्ख्या पाण्यावर सारखी पसरलेली. ढगाची सावली पाण्यावर पडली की पाणी काळं होतं, म्हणून काळं दिसल्यावर आधी आसपास ढग शोधा.

हवा

वास सॅटेलाइटला येत नाही, हे आधी मान्य करू. तो सहसा अशा गॅसांचा असतो जे इतक्या वरून दिसतच नाहीत. जे नीट दिसतं ते नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणजे जिथं काही जळतंय, पॉवर स्टेशन, बॉयलर, गाड्या. त्याचा फायदा असा की दिवसा तो हवेत काही तासच टिकतो, त्यामुळे जिथं दाट दिसतो त्याच्या आसपासच त्याचं मूळ असतं.

कोपर्निकस ब्राउझरमध्ये रोजचा फोटो दिसतो, पण एका दिवसाचा नकाशा म्हणजे नुसता गोंधळ. गुगल अर्थ इंजिन वापरा, शिकण्यासाठी आणि बिगर-धंद्याच्या कामासाठी फुकट आहे, थोडी स्क्रिप्ट लागते पण तयार उदाहरणं त्यातच आहेत, तारीख आणि जागा बदलायची बस. तिथं ट्रोपोस्फेरिक कॉलम (हवेच्या खालच्या थरातला गॅस) निवडा, टोटल कॉलम नको, कारण टोटलमध्ये पार वरच्या थरातलाही गॅस मिसळलेला असतो. ढगाळ दिवस गाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने घेऊन सरासरी काढा. उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या, दोन दिवसांत मात्र तुम्ही लॅपटॉप उघडणार नाही हे मला माहितीये.

मग वारा. हा भाग बहुतेक लोक गाळतात आणि सगळी मजा यातच आहे. गॅसचा पट्टा कारखान्यावर बसून राहत नाही, वाऱ्यासोबत शेपटीसारखा लांबतो, त्यामुळे सरासरीत सगळ्यात गडद ठिपका मूळ जागेपासून सरकलेला असू शकतो. म्हणून दिवसांचे दोन ढीग करा, एक उत्तरेकडून वारा असलेले, एक पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून असलेले, वाऱ्याचा जुना डेटा ईआरए५ मध्ये मिळतो आणि तोही अर्थ इंजिनमध्ये आहे. दोन्ही ढिगांची वेगळी सरासरी काढली की दोन शेपट्या दिसतील दोन दिशांना, आणि दोन्हींचं डोकं जिथं एकाच जागी येतं तिथं मूळ. सरावासाठी वणाकबोरी घ्या, महीच्या काठचं कोळशावरचं मोठं थर्मल स्टेशन, आजूबाजूला शेती, दुसरं मोठं काही नाही, त्यामुळे उत्तर आधीच माहीत आहे. तिथं जमलं की मग शहराच्या भानगडीत पडा, जिथं हायवे, रिफायनरी, फर्टिलायझर सगळं एकमेकांना चिकटून आहे आणि एकट्या कारखान्याचं नाव घेणं या डेटावरून शक्यच नाही.

अजून एक गंमत. अर्थ इंजिनमधला नकाशा किलोमीटरभराच्या बारीक चौकोनात दिसतो, म्हणून वाटतं अरे वा गल्लीपर्यंत दिसतंय. मूळ माप साडेपाच बाय साडेतीनचंच आहे, नंतर बारीक कापलंय एवढंच. आणि आकडा येतो तो जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या हवेच्या खांबातला, तुमच्या नाकापाशी किती आहे तो नाही. सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) समीर अ‍ॅपमधल्या आकड्याशी तो थेट जुळवू नका, चढ-उतार जुळवा. सल्फर डायऑक्साइड याहून अवघड, मोठं मूळ असेल तरच दिसतं, आणि धूळ-धूर बघायचा तर उन्हाळ्यात कच्छ-राजस्थानची धूळ मध्ये येतेच.

आग बघायला फर्म्स. नकाशा उघडा, व्हिर्स (VIIRS) हा सेन्सर निवडा, ठिपका ३७५ मीटरचा. तो लाल टिपका म्हणजे अख्ख्या त्या चौकोनात कुठेतरी उष्णता आहे, टिपक्याच्या बरोबर मधोमध आग असेलच असं नाही. कचऱ्याची आग असेल तर दोन-चार दिवस टिपके येतात आणि जातात, शेतातली असेल तर पसरलेले आणि एकदाच. वर्षभर रात्री त्याच जागी येत असेल तर ती आग नाही, फ्लेअर (कारखान्याच्या चिमणीवर जाळलेला गॅस) किंवा भट्टी आहे. कचरा डेपोचा मिथेन बघायचा असेल तर कार्बन मॅपरच्या पोर्टलवर आधीच शोधलेले पट्टे मिळतात, आपली जागा त्यात नसली तर याचा अर्थ मिथेन नाही असा नव्हे, त्या दिवशी कोणी बघितलंच नसेल.

मग याचं करायचं काय

फॉरवर्ड नका करू, आधी फाइल बनवा. प्रत्येक फोटोसोबत सॅटेलाइटचं नाव, एल-टू-ए की काय, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, कोणता इंडेक्स, आणि रंगपट्टी स्क्रीनशॉटमध्ये आलीच पाहिजे, दोन फोटोंची रंगपट्टी वेगळी असेल तर तुलना फुकट. बिघडलेल्या तारखांसोबत न बिघडलेल्याही लावा, त्याने तुमचा दावा उलट पक्का होतो.

तक्रार जीपीसीबीकडे (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे) लेखी करा आणि नंबर घ्या. त्यात कंपनीचं नाव टाकू नका, असं लिहा की अमुक जागी अमुक तारखांना पाण्यात बदल दिसतोय, वरच्या बाजूला दिसत नाही, तरी या दोन ठिकाणी सॅम्पल घ्यावं. इथल्याच पर्यावरण सुरक्षा समितीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सांडपाणी शुद्धीकरण चालू नसेल तर कारखाना चालू ठेवता येणार नाही असं स्पष्ट सांगितलंय, त्याचा उल्लेख एका ओळीत करायला हरकत नाही.

आणि सॅम्पलची तारीख मागताना सॅटेलाइटच्या पुढच्या फेरीची तारीख बघून मागा, नेटवर वेळापत्रक मिळतं. सकाळी दहा ते बारात भरलेली बाटली आणि त्याच सकाळचा फोटो असं दोन्ही हातात असलं की लॅबचा आकडा आणि इंडेक्सचा आकडा एकमेकांशी जोडता येतो, आणि तेवढ्यावर त्या जागेचे मागचे फोटोही नव्याने वाचता येतात.